खुराड्यात खाली काय टाकायचं? या चुका टाळा आणि पावसाळ्याआधी टाळा

फेब्रुवारीत कोंबड्यांखाली काहीही टाका, चालतं. माती चालते, वाळू चालते, जुनं पोतं पण चालतं, कारण हवाच कोरडी असते, विष्ठा संध्याकाळपर्यंत वाळून खडखडीत होते आणि माणसाला वाटतं आपल्याला जमलं की. आणि नवीन मंडळी नेमकी दिवाळीनंतरच चार गिरिराज नाहीतर वनराज जातीच्या कोंबड्या आणून सुरुवात करतात. मग जून लागला की फोन सुरू. वास येतोय, माश्या झाल्यात, शेजारी भांडतायत, आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न, "साफ करायला सोपं असं कायतरी सांगा ना."

साफ करायला सोपं म्हणजे जुलैत कोरडं राहणारं. मला विचाराल तर निकष एवढाच. व्हिडिओत कसं दिसतं, रंग कुठला, याला काडीची किंमत नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे ती प्लास्टिकची हिरवळ, आर्टिफिशियल ग्रास. आमच्या ओळखीतल्या एकांनी मुळशीकडच्या त्यांच्या फार्महाऊसवर जाळीतल्या अंगणात ती अंथरली, भर मे महिन्यात, दिसायला एकदम हॉटेलच्या लॉनसारखी. म्हणे रोज पाइप मारायचा, झालं काम. आम्ही तेव्हाच सांगितलं होतं की खालून पाणी जायला वाट नाहीये, पण पैसे खर्च झाल्यावर माणूस ऐकत नाही. पावसाने जोर धरल्यावर तिकडे गेलो तर गेटपाशीच वास. एक कोपरा उचलून बघितला तर खाली काळा-हिरवा चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या, मुठीने उचलाव्यात इतक्या. वरून सगळं छान हिरवंगार! पण खरं नुकसान वेगळंच झालं होतं, कोंबडीला पाती दिसली की ती ओढणारच, तो तिचा धर्म, आणि ती प्लास्टिकची पाती सुटत होती. एक कोंबडी खाणं सोडून मान वाकडी करून बसलेली, गळ्याखालची पिशवी घट्ट फुगलेली. ती गेली. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फाडून दाखवलं, आत हिरव्या दोऱ्यांचा गुंता, त्यात अडकलेले मक्याचे दाणे तसेच्या तसे. तरी मालकांचा पुढचा प्रश्न काय, तर "जरा भारीतली हिरवळ घेतली असती तर?" आता काय बोलणार.

दुसरी चूक शहरातून आलेल्यांची खास. रोज धुणं. घरात फरशी पुसायची सवय असते त्यामुळे खुराड्यात पण शहाबादी किंवा टाइल बसवतात आणि सकाळ-संध्याकाळ बादल्या ओततात. अहो, ते बाथरूम नाहीये. ओल आणि ऊब एकत्र आली की रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत पिकून तयार होतात आणि पिल्लं बघता बघता मान टाकतात. शिवाय गुळगुळीत ओल्या फरशीवर पाय घसरतात, कडक जमिनीवर उड्या मारून तळपाय सुजतो तो वेगळा. खाली कोबा असला तर उत्तमच, उंदीर-घुशी येत नाहीत, पण त्याच्यावर तुसाची गादी पाहिजे, आणि धुवायचं ते फक्त सगळं रिकामं करून, कडक उन्हात, वर्षातून एक-दोनदा. एरवी खराटा, दाताळं आणि घमेलं. पाणी नाही म्हणजे नाही.

तूस म्हणजे भाताचं, गिरणीवरून आणलेलं. मी तेच वापरतो. ते लाकडाच्या छिलक्याइतकं पाणी शोषत नाही हे खरं आहे पण त्याचे गठ्ठे होत नाहीत, दाताळ्याने वरखाली केलं की परत मोकळं, आणि कोकण-मावळात स्वस्तात मिळतं. सुरुवातीला दोन-तीन इंच, पावसाळ्याच्या आधी चार. देशावर शेंगांची टरफलं मिळतात, तीही चालतात, फक्त बुरशीचा जरा जरी वास आला तर पोतं परत करा, लाजू नका. सुताराकडून आणणार असाल तर रंध्याचे छिलके आणा, करवतीचा बारीक भुसा नको, तो धुळीसारखा उडतो, ओला झाला की त्याचा लगदा होतो आणि बुरशी छातीत जाते. प्लायवूड कापलेला भुसा तर फुकट दिला तरी नको.

मुठीची परीक्षा सगळ्यांनी शिका. मूठभर तूस घट्ट दाबून सोडायचं. गोळा होऊन लगेच फुटला तर बरोबर, गोळा तसाच राहिला तर ओलं, आणि अजिबातच गोळा झाला नाही तर जास्त कोरडं, धूळ उडणार. आणि वास उभ्याने घेऊ नका, खाली वाकून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर त्या बिचाऱ्या रात्रभर त्यातच बसतात हे लक्षात घ्या.

वास आला की चुना टाका, असं प्रत्येक जण सांगतो. ओल्या गादीवर चुना भुरभुरवला की अमोनिया उलट जास्त सुटतो. कळीचा चुना असेल तर पाय आणि डोळे भाजतात ते निराळं. चुना मारायचा तो रिकाम्या खुराड्यात, भिंतीला आणि जमिनीला, फटींत गोचीड असतात तिथे चांगला आत जाईल असा, आणि नीट वाळला की मगच वर तूस.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा: पाणी धरून ठेवायलाच बनवलेलं आहे, कुंडीत घाला.

खडी: विष्ठा खाली झिरपते, मग ती ना झाडता येते ना उचलता.

अख्खा पेंढा: थर बसतो, खाली कुजतो. अंड्याच्या खोक्यात मात्र पेंढाच.

पिल्लांखाली गुळगुळीत वर्तमानपत्र: पाय फाकतात. कागद घालायचाच तर खरखरीत घाला, तूस खाऊ नयेत एवढ्यापुरता पहिले तीन-चार दिवस, मग काढून टाका.

वाळू बाहेरच्या अंगणात चांगली, चाळणीने विष्ठा उचलता येते, पण ती छपराखाली आणि उतारावर असेल तरच. आणि कृपा करून क्रशरची बारीक कच वाळू म्हणून आणू नका, एका पावसात ती दगडासारखी बसते.

आता जे कोणी विचारतच नाही ते. ओल येते कुठून? दहातल्या नऊ जागी छपराच्या पागोळ्या थेट जाळीच्या आत पडत असतात आणि माणूस वर उभा राहून तूस बदलतोय, बदलतोय, पोत्यामागून पोती. पन्हळ लावा, छप्पर दोन फूट पुढे काढा, झडीच्या बाजूला नारळाची झापं किंवा ताडपत्री बांधा, पण वरचा हातभर भाग हवेला उघडा ठेवा. मुरूम कुटून जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा. पाण्याचं भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीइतकं उंच, म्हणजे सांडत नाही. हे केलं नाही तर जगातलं कुठलंही आच्छादन आणा, आठवड्यात चिखल. पण यात एक रविवार घाम गाळावा लागतो ना, म्हणून लोकांना ऑनलाइन मॅट मागवणं सोपं वाटतं.

बसायच्या दांडीखाली एक पत्रा नाहीतर फळी ठेवा. जवळजवळ अर्धी घाण रात्री तिथेच पडते, सकाळी गवंड्याच्या थापीने खरवडली की चहा उकळेपर्यंत काम संपतं आणि खालचं तूस कितीतरी जास्त टिकतं. दांडीखाली काही न ठेवता "गादी लवकर खराब होते" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही.

अंगणात मी पातेरा टाकतो. आंब्या-काजूचा वाळका पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा करून पोत्यांत भरून माळ्यावर ठेवायचा आणि पावसात थोडा थोडा काढायचा. कोंबड्या दिवसभर उकरतात, किडे शोधतात, पाला स्वतःच वरखाली करतात. ओला होऊन चिकटला की दाताळ्याने ओढून काढायचा आणि नवीन टाकायचा.

काढलेलं तूस आणि पाला लगेच मिरची-वांग्याच्या बुडाशी टाकू नका, ताज्या विष्ठेने रोप करपतं. खड्ड्यात घालून दोन-तीन महिने कुजू द्या, मध्ये एकदा पलटा, माती झाल्यासारखं दिसलं आणि वास गेला की मग हवं तिथे घाला.