काचेचा तडा जागच्या जागी थांबवला

कसारा घाटात पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि टक्कन काचेवर बसली. डाळीच्या दाण्याएवढा टवका. म्हटलं, बघू नंतर. दुसऱ्या दिवशी भर उन्हातून गाडी काढली, एसी फुल्ल करून झोत थेट काचेवर सोडला, आणि डोळ्यांदेखत टवक्यातून दोन इंचांची रेघ सरसरत निघाली. चूक माझीच. तापलेल्या काचेला आतून एकदम गारवा लागला की तडा पळतो.

समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पातळ थर. माझी फक्त बाहेरची फुटली होती, म्हणून वाचलो. लगेच वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. धुणं बंद, गाडी सावलीत, दारं हळू लावायची. (घरच्यांना हे शेवटचं काही जमलं नाही.)

तिसऱ्या दिवशी काचवाल्याकडे गेलो. त्याने रेघेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, पंपाने आतली हवा ओढली, रेझिन (पारदर्शक, चिकट द्रव) भरलं, यूव्ही दिव्याखाली कडक केलं आणि ब्लेडने वरचा थर खरवडला. अर्ध्या तासाचं काम. नेलपॉलिश, फेविक्विकचे सल्ले बरेच मिळाले होते. काचवाला म्हणाला, ते आत गेलं असतं तर रेझिन बसलंच नसतं. रेघ ड्रायव्हरच्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेपर्यंत गेली असती, तर त्याने सरळ काच बदलायला सांगितलं असतं.

डाग अजून दिसतो, तिरक्या उन्हात तर चांगलाच. पण पूर्ण पावसाळा गेला, रेघ तसूभरही सरकलेली नाही.