ड्युटीवर असताना पोलीस दगावला, तर घरच्यांनी कोणते कागद आधी धरायचे

पोलीस खात्यात माझी ३१ वर्षं गेली. त्यातली ११ खान्देशातल्या तालुक्याच्या ठाण्यांत रायटर, म्हणजे लिखापढी बघणारा हवालदार म्हणून. एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

रात्रीच्या नाकाबंदीत हायवेवर आमच्या एका शिपायाला गाडीनं उडवलं. पहाटे धुळ्याला दवाखान्यात त्याची बायको नवऱ्याबद्दल मला सारखी अहिराणीत विचारत होती, "त्या ड्युटीवरच व्हतात ना भाऊ?" मी म्हटलं, हो वहिनी, हे काय विचारता! आठ दिवसांनी स्टेशन डायरी काढली, तर त्याची रवानगीच, म्हणजे ड्युटीवर पाठवल्याची नोंदच, लिहिलेली नव्हती. ऐनवेळी फोनवर सांगून पाठवलं होतं. मग वायरलेसची नोंद, सोबतच्या होमगार्डचा जबाब असं करत करत सिद्ध करावं लागलं. सात महिने ती बाई दोन पोरं घेऊन खेटे घालत होती.

म्हणून दिवस-कार्य उरकायची वाट बघू नका. घरातल्या धीराच्या माणसानं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ठाण्यात लेखी अर्ज देऊन रवानगीच्या नोंदीची प्रत मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. नोंदीत बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक), वेळ, ठिकाण आणि कोणाच्या आदेशानं पाठवलं, हे चारही हवं. एफआयआरमध्येही 'कर्तव्यावर असताना' हे शब्द आहेत का ते वाचा. माणूस आधी जखमी होता आणि नंतर गेला असेल, तर मृत्यूचं कलम वाढवलं का ते तपास अधिकाऱ्याला विचारा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, आणि ती जिथे प्राण गेला तिथेच होते. अमळनेरचा माणूस धुळ्यात गेला, तर दाखला धुळ्याचा. गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारू नका.

मग एसपी ऑफिसची आस्थापना शाखा. तिथे सेवापुस्तकातलं नामनिर्देशन बघा. भरतीच्या वेळी पोरगा बिनलग्नाचा असतो, आईचं नाव लिहितो आणि पुढे बदलायचं राहून जातं. सासू-सून एकत्र बसून बोला, भांडण कोर्टात नेऊ नका. नोकरीत असलेल्यांनो, तुम्ही हे उद्याच तपासा. बाकी फंड, गट विमा, कुटुंब निवृत्तिवेतन, अनुकंपा यांचे अर्ज शाखेतच मिळतात. कोऱ्या कागदावर सही मात्र कोणालाच देऊ नका, कितीही जवळचा असला तरी.

शेवटचं काम पैशाचं नाही. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस गेले. तेव्हापासून त्या दिवशी वर्षभरातल्या शहीद पोलिसांची नावं वाचतात. आमच्या शिपायाचं नाव आलं, तेव्हा वडलांचं नाव चुकीचं वाचलं गेलं. बिगुलावर लास्ट पोस्ट, मानवंदनेची धून, वाजत होतं, आणि मोठा पोरगा आईचा पदर ओढून विचारत होता, "आई, हे आपले पप्पा का?" यादी वर जाण्याआधी, ऑगस्टमध्येच, मुख्यालयात जा आणि नाव, वडलांचं नाव, आडनाव, बक्कल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून या.