लिऑन मॅकऑलिफच्या वाटेने: घरच्या गिटारची वेस्टर्न स्विंग लॅप स्टील

वेस्टर्न स्विंग, म्हणजे जाझचा ठेका घेतलेले अमेरिकन ग्रामीण नृत्यसंगीत. त्यातली स्टील गिटार म्हटले की पहिले नाव येते लिऑन मॅकऑलिफ यांचे. 1917 साली टेक्ससमध्ये जन्म, सोळाव्या वर्षी लाइट क्रस्ट डोबॉइज या बँडमध्ये, आणि 1935 पासून टल्सात बॉब विल्स यांच्या टेक्सस प्लेबॉइजमध्ये. 1936 साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'स्टील गिटार रॅग'ने हे वाद्य अमेरिकेत घरोघरी पोहोचवले. त्या चालीचे मूळ सिल्व्हेस्टर वीव्हर यांच्या 1923 च्या वादनात आहे, तरी लोकांच्या ओठी राहिली ती विल्स यांची 'टेक इट अवे, लिऑन' ही हाक.

त्या पिढीतल्या वादकांचे वाद्य म्हणजे पेडल नसलेली, मांडीवर किंवा पायांच्या स्टँडवर आडवी ठेवलेली आणि तारांवर पोलादी बार फिरवून वाजवायची विजेची गिटार. रिकनबॅकरने 1932 साली बाजारात आणलेली 'फ्राइंग पॅन' ओतीव ॲल्युमिनियमची होती. तिच्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चुंबकाचा पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारा भाग) असे. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापला की सूर सरकत, म्हणून 1935 मध्ये कंपनी बेकेलाइटकडे वळली. 1950 च्या दशकात मॅकऑलिफ यांच्यापुढे फेंडरची स्ट्रिंगमास्टर आली: चार नेक, प्रत्येक नेकवर आठ तारा आणि दोन पिकअप. चार नेक कशाला? पेडल नसताना एका ट्यूनिंगमधून (मोकळ्या तारांच्या सुरांच्या मांडणीतून) दुसऱ्यात जायचे तर हात दुसऱ्या नेकवर न्यायचा, एवढाच उपाय होता.

ठाण्यात किंवा नव्या मुंबईत बसून हा नाद काढायला स्ट्रिंगमास्टर लागत नाही. पडून असलेली साधी सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटार पुरते. पैसे आणि लक्ष तीन गोष्टींवर घालावे: तारांचे जाडीचे माप, पोलादी बार आणि उजव्या हाताचा तळवा. महागडा ॲम्प्लिफायर घेऊन बाजारातला हलका बार वापरणारे बरेच दिसतात. आवाज पातळ का येतो, ते त्यांना कळत नाही.

गिटारची निवड आणि तारा उंच करणे

स्थिर ब्रिजची गिटार घ्या. तरंगता ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असेल तर त्याच्या ब्लॉकमागे लाकडाची चीप ठोकून तो पक्का करा. नाहीतर एक तार ताणली की बाकी पाच उतरतात आणि ट्यूनिंग संपतच नाही. नेकमध्ये ट्रस रॉड (नेक वाकू न देणारी आतली धातूची सळी) असलाच पाहिजे.

नटवर, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीवर, बसणारा धातूचा नट एक्स्टेंडर मिळतो. त्याने तारा फ्रेटबोर्डपासून साधारण 8 ते 10 मिमी वर येतात. त्याला गोंद लावू नका, तारांच्या ताणानेच तो बसतो. हेडस्टॉकवर पातळ तारा खाली दाबणारी स्ट्रिंग ट्री असेल तर स्क्रू काढून ती बाजूला ठेवा, कारण उंच झालेल्या तारेला ती फार तीव्र कोनात ओढते आणि तार तिथेच तुटते.

पुढचे काम बहुतेकजण विसरतात. साध्या गिटारचा फ्रेटबोर्ड किंचित गोलाकार असतो आणि ब्रिजवरच्या तारा त्याच गोलाईने मांडलेल्या असतात. सरळ बार टेकवला तर मधल्या तारा दाबल्या जातात आणि कडेच्या खरखरतात. म्हणून ब्रिजचे सॅडल (प्रत्येक तारेखालचे छोटे टेकू) ॲलन कीने फिरवून सहाही तारा एका पातळीत आणा. कडेचे सॅडल वर घ्यावे लागतात. तपासायला स्टीलची फूटपट्टी ब्रिजजवळ तारांवर आडवी ठेवा. खालून उजेड दिसणारी तार अजून खाली आहे. मग पिकअप तारांपासून 3 मिमीवर येईपर्यंत वर घ्या, कारण तारा उंच झाल्याने तो आता दूर राहिलेला असतो.

शेवटी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग त्याच जागी बार ठेवून सूर घ्या. दोन्ही एक यायला हवेत. बारचा सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. एक्स्टेंडर तिरका बसला असेल तर हे कधीच जुळत नाही.

तारा: तीन पाकिटांतून एक संच

आपण सी सिक्स्थ ट्यूनिंग घेतो. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एकला सा धरला, तर जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत सा, ग, प, ध, सां, गं. 'स्टील गिटार रॅग' साधारणपणे ई मेजरच्या ट्यूनिंगमध्ये वाजवतात, पण स्विंगच्या गाण्यांत सहाव्या आणि सातव्या स्वराच्या कॉर्ड सतत लागतात आणि त्या सी सिक्स्थमध्ये सरळ बारखाली मिळतात.

या ट्यूनिंगचा तयार संच ठाणे-वाशीतल्या वाद्यांच्या दुकानात सहसा ठेवलेला नसतो. सुट्या तारा मिळत नसतील तर इलेक्ट्रिक गिटारची तीन सामान्य पाकिटे घ्या: 10-46, 11-49 आणि 9-42 (आकडे सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). नटपासून ब्रिजपर्यंत 25.5 इंच, म्हणजे 648 मिमी तार असलेल्या गिटारवर मांडणी अशी:

पहिली तार, वरचा ई: .013, 10-46 मधली दुसरी.
दुसरी, सी: .017, 10-46 मधली तिसरी.
तिसरी, ए: .018, 11-49 मधली तिसरी.
चौथी, जी: .024, 9-42 मधली चौथी.
पाचवी, खालचा ई: .028, 11-49 मधली चौथी.
सहावी, सी: .036, 10-46 मधली पाचवी.

प्रत्येक तारेवर साधारण 11 ते 13 किलोचा ताण येतो. तिसरी तार किंचित सैल लागते; .020 ची सुटी तार मिळाली तर तीच लावा. साधा 10-46 चा संच जसाच्या तसा चढवून सी सिक्स्थ करायला जाऊ नका: काही तारा ढिल्या पडून बारखाली लोळतात, काही तुटतात. गिटार जुनी असून नेकची खात्री नसेल तर सगळेच तीन अर्धस्वर खाली, पांढऱ्या सहावर उतरवा. ताण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो आणि फ्रेटांची गणिते तीच राहतात.

आता एक छोटा बदल, पण फार उपयोगाचा: सहावी तार सीऐवजी सी शार्पला, म्हणजे कोमल रे वर चढवा. त्याने खालच्या चार तारांवर ए सेव्हन्थ मिळते आणि वरच्या चार तारांवर सी सिक्स्थ तशीच राहते.

ट्यूनरवर सगळ्या तारा शून्यावर आणल्या तर ॲम्पमधून कॉर्ड आंबट लागते. सी आणि जी शून्यावर ठेवा. दोन्ही ई आणि ए साधारण 10 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरवा. सी शार्प 20 सेंटच्या आसपास खाली. तानपुरा जुळवणाऱ्या कानाला हे सांगावे लागत नाही.

बार आणि नखे

बार लेथवर करून घेणे या पट्ट्यात सोपे आहे. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे, पावणे, रबाळे एमआयडीसीत छोटी जॉबवर्क करणारे लेथवाले आहेत. 304 ग्रेडच्या स्टेनलेस गोल सळीचा तुकडा त्यांच्याच भंगारात निघतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जायचे कारण नाही, तिथला व्यवहार घाऊक असतो.

सहा तारांसाठी व्यास 19 मिमी, लांबी 75 मिमी सांगा. वजन 160 ग्रॅमच्या आसपास भरते. हात मोठा असेल किंवा पुढे आठ तारांवर जायचे असेल तर 22 मिमी बाय 80 मिमी, सुमारे 230 ग्रॅम. एक टोक गोळीसारखे गोल, दुसरे सपाट आणि त्यात अंगठा बसेल अशी उथळ खोबण. लेथची रेघ राहिली की तारेवर करवतीसारखा आवाज येतो, म्हणून 400, 800, 1200, 2000 अशा क्रमाने पॉलिश पेपर मारून शेवटी बफिंग करून घ्या. नख फिरवल्यावर रेघ लागता कामा नये. साध्या लोखंडावर क्रोम चढवलेला बार घेऊ नका. दमट हवेत क्रोमखाली गंज धरतो आणि पापुद्रे सुटतात.

उजव्या हाताला प्लास्टिकचा थंब पिक आणि दोन बोटांना धातूचे फिंगर पिक. नखाने वाजवले तर सूर मऊ येतो, बँडमध्ये तो ऐकू येत नाही.

हात कसा चालतो

बार अंगठा आणि मधल्या बोटात धरा, तर्जनी वरून ठेवा. अनामिका आणि करंगळी बारमागे तारांवर हलकी पसरलेली असू द्या. ती उचलली की मागच्या तारा गुणगुणतात. बार फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवा, दोन फ्रेटांमध्ये नाही. दाबू नका: बारचे वजनच पुरेसे आहे, दाबले की सूर चढतो.

सुरुवातीला सी मेजरचा सप्तक दुहेरी स्वरांत वाजवा. बार सरळच राहतो:

दुसरी-पहिली तार मोकळी, तिसरी-दुसरी पाचव्या फ्रेटवर, त्याच तारा सातव्यावर, दुसरी-पहिली पाचव्यावर, त्याच सातव्यावर, तिसरी-दुसरी बाराव्यावर, त्याच चौदाव्यावर, दुसरी-पहिली बाराव्यावर.

सा-ग, रे-म, ग-प असे जोड ऐकू आले पाहिजेत. प्रत्येक जोडीनंतर उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून सूर बंद करा, मगच बार हलवा. स्विंगचा सगळा ठसका या बंद करण्यात आहे. हवाइन गिटारवर हिंदी गाणी किंवा राग वाजवलेल्यांना इथे सवय मोडावी लागते: आपला हात मींड घेत घेत पोहोचतो, तर स्विंगमध्ये सूर ब्रास सेक्शनसारखा ठोक्यावर पडतो आणि तिथेच कापला जातो. घसीट घ्यायची ती एका फ्रेटखालून, लहान, आणि दर वेळी नाही.

कॉर्डसाठी दोन आकार पुरतात. वरच्या चार तारा (1 ते 4): मोकळ्या किंवा बाराव्यावर सी सिक्स्थ, पाचव्यावर एफ सिक्स्थ, सातव्यावर जी सिक्स्थ. खालच्या चार तारा (3 ते 6): तिसऱ्यावर सी सेव्हन्थ, आठव्यावर एफ सेव्हन्थ, दहाव्यावर जी सेव्हन्थ. पाचव्या फ्रेटवरची एफ सिक्स्थ म्हणजेच डी मायनर सेव्हन्थ. म्हणून 1 ते 4 तारांवर पाचवा, मग 3 ते 6 वर दहावा, मग 1 ते 4 वर बारावा, एवढ्यात गाण्याची सांगता होते. सहाही तारा एकदम छेडू नका: सी आणि सी शार्प एकत्र आले की कर्कश लागते.

तिरका बार नंतर घ्या. दुसऱ्या आणि पाचव्या तारेवर बारचे टोक ब्रिजकडे एक फ्रेट पुढे कलवले की सहाव्या अंतराचा मोठा जोड मिळतो. खालच्या फ्रेटांवर अंतर रुंद असल्याने बार घसरतो. सराव सातव्या फ्रेटच्या वर सुरू करा.

आवाज आणि पावसाळा

15-20 वॅटचा ॲम्प, गेन खाली, आवाज स्वच्छ. मिड थोडे वर, ट्रेबल मधोमध, रिव्हर्ब जवळजवळ नाही. गिटारचा टोन नॉब करंगळीने सूर छेडताना बंद ठेवून लगेच उघडला की त्या काळच्या वादकांचा 'बू-वा' आवाज येतो.

घुंई आवाज येत असेल तर आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी ट्यूब बंद करून पाहा, मग गिटार हळूहळू फिरवा. दिशेनुसार आवाज बदलला तर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप बाहेरचा गोंगाट पकडतो आहे. स्ट्रिंगमास्टरच्या दोन पिकअपमुळे नेमका हाच गोंगाट कापला जाई. दिशा बदलूनही तसाच राहिला आणि तारांना हात लावला की कमी झाला, तर अर्थिंग किंवा शील्डिंग तपासा. सोसायटीच्या गणपतीच्या मंडपात वाजवणार असाल तर ॲम्प लावण्याआधी वायरमनकडून सॉकेटचे अर्थिंग टेस्टरने तपासून घ्या. तारांना आणि माइकला एकदम हात लागून झटका बसण्याचे प्रकार अशाच तात्पुरत्या जोडणीत होतात, आणि पोलादी बार विजेला अडवत नाही.

जून ते सप्टेंबर साध्या तारा लवकर गंजतात. गंजलेल्या तारेवर बार फिरताना फुसफुस वाढते आणि बारही खरवडला जातो. वाजवून झाले की कोरड्या सुती कापडाने तारा खालूनही पुसा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि केस ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. तेल लावू नका, बार त्यावरून घसरतो. .013 आणि .017 आधी खराब होतात. 10-46 चे एक पाकीट जादा आणून ठेवले की दोन्ही त्यातच मिळतात.