दोन भाषा बोलणाऱ्या मुलाची वर्किंग मेमरी घरी कशी बघायची

घरी मराठी, शाळेत इंग्लिश, आणि टीचरने एकदा सांगितलं की सांगितलेलं लक्षात राहत नाही, की घरात कोणीतरी म्हणतंच, दोन भाषांचा लोड होतोय, आता घरी पण इंग्लिशच बोला. थांबा जरा, आधी हे करून बघा.

वर्किंग मेमरी म्हणजे पाठांतर नाही. हातातलं काम होईपर्यंत माहिती डोक्यात धरून ठेवायची आणि तिच्यावर काहीतरी करायचं, ती.

शांत वेळी समोर बसा, सेकंदाला एक या वेगाने सपाट आवाजात सुटे अंक सांगा, ४, ९, २, आणि मुलाला तसेच म्हणायला लावा. जमलं की चार अंक, मग पाच. प्रत्येक लांबीला दोन चान्स द्या, दोन्ही चुकले की थांबायचं. पाच वर्षांच्या आसपास चारेक अंक जमले तर ठीक. मग तोच खेळ उलट क्रमाने, इथे खरा कस लागतो, दोन-तीनवर अडकलं तरी घाबरू नका. दुसऱ्या भाषेत वेगळ्या दिवशी घ्या आणि अंक बदला, नाहीतर मुलं आधीचेच आठवून सांगतात, डांबिस असतात!

अंक सुटेच हवेत. सत्तेचाळीस ऐकताना सात आधी येतो आणि लिहिताना चार आधी लिहायचा, म्हणजे मूल सात डोक्यात धरून बसतं, आणि इंग्लिश मीडियमची मुलं तर हमखास ७४ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण मुलांची अडचण खरी आहे.

दोन भाषांमध्ये किती अंक जमले ते थोडं वेगळं येणारच, त्यावरून घाबरू नका. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली या संशोधकांनी वेल्श-इंग्लिश बोलणाऱ्यांवर काम केलं, त्यात वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहायचे कारण ते उच्चारायलाच जास्त वेळ लागायचा.

मग भाषाच बाजूला काढा. सहा-सात वाट्या उपड्या मांडा, तीन-चार वाट्यांना क्रमाने बोट लावा, मुलाने त्याच क्रमाने लावायचं. वाट्या जमतात, मराठी अंक जमतात आणि फक्त इंग्लिशमधल्या सूचना सुटतात, तर बहुतेक शब्द कमी पडतायत, मेमरी नाही. सगळीकडेच अडत असेल तर आधी कान तपासून घ्या, मग चाइल्ड सायकॉलॉजिस्ट. घरच्या खेळावरून निदान करायचं नाही.

उलट टोकाचे पालक पण असतात, दोन भाषांनी ब्रेन शार्प होतो म्हणून खूश. अमेरिकेतल्या ९-१० वर्षांच्या साधारण साडेचार हजार मुलांच्या डेटावर २०१९ मध्ये अभ्यास आला, त्यात लक्ष टिकवायच्या आणि स्वतःला आवरायच्या टेस्टमध्ये असा काही फायदा दिसला नाही. मराठी बोला ती आजीशी गप्पा मारता याव्यात म्हणून, ब्रेनसाठी नको.

रोजचं म्हणाल तर ‘डबा धू, बूट आत ठेव, मग डायरी काढ’ असं एका दमात सांगू नका. एक सांगा, झालं की दुसरं. आणि गणितातलं शाब्दिक उदाहरण इंग्लिशमध्ये वाचलं की मुलाला मराठीत सांगायला लावा, काय दिलंय आणि काय विचारलंय ते. मध्ये कागदावर आकडे लिहिले तरी चालेल, ती चीटिंग नाही.