ज्येष्ठांच्या वसाहतीतली सामाईक बाग: या चुका टाळा

मृग लागला त्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या मागच्या मोकळ्या जागेत २६ जण खुरपी घेऊन हजर होते. नारळ फुटला, फोटो निघाले, सहा लांबलचक वाफे आखले गेले. नवरात्रात तिथे कंबरेएवढं गवत होतं आणि बागेकडे फिरकणारे तिघे उरले होते. त्यातला एक मी, तोही खिडकीतून ते गवत दिसायचं म्हणून.

जागा आहे म्हणून सगळी खणू नका

पावसाळ्यात खुरपणीचे दोन आठवडे चुकले की तण रोपांच्या वर जातं, आणि आमच्यापैकी निम्मे तेव्हा मुलांकडे गेलेले असतात. एका माणसाला ४ बाय ३ फुटांचा वाफा पुष्कळ होतो. त्यात मेथी, कोथिंबीर, चार मिरच्या, दोन वांगी. पहिली लावणी मेथीची करा, पण पावसाची झोड ओसरल्यावर. महिन्याभरात जुडी हातात येते आणि माणसं टिकतात.

उकिडवं बसायची बाग नको

वाफे उचलून घ्या, साधारण अडीच फूट उंच. दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर रुंदी ४ फूट, भिंतीला लागून असेल तर २ फूटच. मधली वाट किमान ३ फूट हवी, नाहीतर वॉकर अडतो. गच्चीवर करणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ओली माती घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते; ४ बाय २ फुटांचा, फूटभर खोल वाफा म्हणजे ४०० किलो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत जास्त घातलं तर वजन कमी होतं, पण विचारल्याशिवाय नको.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकलेल्या अवस्थेतून झटकन उठू नये. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. आमचे एक काका वांग्याजवळून असेच उठले, डोळ्यापुढे अंधारी आली आणि तोल टोमॅटोच्या आधाराच्या बांबूवर गेला. शेंडा डोळ्यापासून बोटभर लांब राहिला. दुसऱ्या दिवशी एका आजींनी दिवाळीच्या जुन्या पणत्या आणून प्रत्येक बांबूच्या टोकावर उलट्या बसवल्या. बाग जरा विचित्र दिसते, पण बांबू लांबून दिसतो.

मधुमेह असेल तर अनवाणी बागेत जाऊच नका. काटा रुतलेला कळतही नाही. धनुर्वाताचा बूस्टर दर १० वर्षांनी लागतो, शेवटचा कधी घेतला ते फाईल काढून बघा.

माळ्यावर सोडून देऊ नका

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. दुसऱ्या वर्षी वर्गणी काढून आम्ही पूर्णवेळ माळी ठेवला. बाग झकास झाली आणि आमचं तिथे जाणंच थांबलं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात केलेला, १९७६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. एका गटाला रोप दिलं आणि ते तुम्हीच सांभाळा म्हणून सांगितलं, दैनंदिन गोष्टींतही निवड दिली. दुसऱ्या गटाच्या रोपांना पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिला गट जास्त उत्साही, जास्त हिंडताफिरता आढळला. प्रयोग लहानच होता, पण आमच्याकडचं चित्र वेगळं नव्हतं. आता माळी आठवड्यातून एकदा येतो: खणणं, खताची पोती उचलणं, मांडव बांधणं. बी टाकणं आणि तोडणी आमच्याच हाताने.

पाणी सगळेच घालतात

पानं पिवळी पडली की जो येतो तो झारी उचलतो. आमचे टोमॅटो असेच बुडून मेले. आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी बंद, पिवळेपणा बहुधा जास्त पाण्याचाच असतो. आम्ही नळाशेजारी पाटी टांगली आहे, पाणी घालणाऱ्याने वेळ खडूने लिहायची. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत ८-१० दिवस पुरतात.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. खताच्या खड्ड्याला वास सुटला असेल तर ओलं जास्त झालंय. सुका पाला टाका आणि वरखाली करा.

आलेल्या भाजीचं काय?

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी घरचा पालक आला म्हणून रोज ताटभर खायला लागू नये. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. भाजी सोडायची नाही, प्रमाण अचानक बदलायचं नाही, डॉक्टरांना सांगून ठेवायचं.

आणि वाटणीचा नियम बी पेरतानाच ठरवा. आमची पहिली सात वांगी एका रात्रीत गेली आणि दोन विंगांमध्ये महिनाभर बोलणं बंद होतं. आता ज्याचा वाफा त्याची भाजी, सामाईक वेलींचं सगळं भोजनगृहात. वांगी कोणी नेली ते अजून कळलेलं नाही. संशय मात्र दोघांवर आहे, आणि त्यातला एक मी आहे.