टू-स्ट्रोक एटीव्ही जाम होऊ द्यायची नसेल तर तेल ओतत बसू नका, हवा कुठनं शिरते ते बघा

कोल्हापुरात एटीव्ही, म्हणजे रानात-चिखलात चालवायची हँडलवाली चारचाकी, म्हटलं की दोन प्रकार दिसतात. एक ते पोरांसाठी आणलेलं ४९ सीसीचं, दोरी ओढून चालू करायचं. आणि दुसरं म्हणजे उद्यमनगरात पाईप वाकवून चेसीस करून घेतलेली, त्यात जुन्या यामाहा आरएक्स १०० बाईकचं इंजिन बसवलेली, उसाच्या बांधावरनं नाहीतर स्वतःच्या माळावरनं फिरवायची गाडी. मी लिहितोय ते या दुसरीबद्दल, पण तेल आणि कार्बोरेटरचा भाग पहिलीलाही तसाच लागू पडतो. प्लग कुठं असतो, कुठला पाना लागतो हे सांगत बसत नाही, ते येत नसेल तर आधी ओळखीच्या गॅरेजात चार दिवस जाऊन बसा.

तेलाचं आधी उरकून घेऊ. जासो एफसी किंवा एफडी दर्जा लिहिलेलं टू-टी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल, घ्या, एफडी मिळालं तर तेच. बोटीच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ स्वस्तात मिळालं म्हणून ओतू नका, ते पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनाचं तेल आहे आणि आपलं इंजिन हवेवर गार होतं. पेट्रोलच्या लिटरला ३० मिली. नवा बोअर-पिस्टन असेल तर पहिल्या दोन-तीन टाक्या ४० मिली. मेडिकलमधनं ५० मिलीची सिरिंज आणा आणि टोपणानं मोजायची सवय सोडा, प्रत्येक कंपनीचं टोपण वेगळं असतं. कॅनमध्ये मिक्स करून, हलवून, मग टाकीत. आरएक्सचा मूळचा ऑइल पंप ठेवावा का, तर माझं मत नाही. एटीव्हीला अंगठ्यानं दाबायची रेस असते, तिच्या एका केबलमधनं कार्बोरेटर आणि पंप दोन्ही ओढायचे म्हणजे चिखलात एक ना एक दिवस पंपाची केबल अडकते आणि ते तुम्हाला कळतसुद्धा नाही. पंपाचं तोंड प्लेटनं बंद करा आणि हातानं मिक्स करा.

आता जे खरं सांगायचंय ते.

गाडी जाम झाली की गल्लीतला प्रत्येकजण एकच सांगतो, "तेल कमी पडलं, जरा जास्त टाकत जा." मग माणूस लिटरला २० चे ५० मिली करतो, धुराचा लोट काढत फिरतो आणि पुन्हा जाम करून आणतो. कारण बहुतेक वेळा तेल कमी नसतंच, पेट्रोल कमी असतं. म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, ज्याला आपण लीन म्हणतो. लीन मिश्रणात पिस्टन तापतो, फुगतो आणि बोअरला धरतो. त्यात तुम्ही तेल वाढवलं की जेटमधनं (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तेवढंच द्रव जातं पण त्यात पेट्रोलचा वाटा कमी होतो. २० चे ५० मिली केले तर पेट्रोल जवळपास तीन टक्के घटलं, म्हणजे औषध उलट्या दिशेचं. वरनं आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर गाडी आपोआप आणखी लीन होते. इंजेक्शनची गाडी स्वतः सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. आणि बाईकवर हेच इंजिन शंभर किलोच्या आसपासची गाडी घेऊन वाऱ्यात पळायचं, इथं लोखंडाच्या सांगाड्याला जुंपून चिखलातनं फर्स्ट गिअरमध्ये रांगतंय, ब्लॉक गार करणाऱ्या फिनांना वारं कुठलं मिळणार?

त्यात फसवणूक अशी की लीन गाडी सगळ्यात गोड पळते. आवाज कडक, पिकअप चाबूक, धूर नाही, मालक खूश. शेवटची दहा मिनिटं अशीच असतात.

म्हणून जेटला हात लावायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, की इंजिन कार्बोरेटर सोडून दुसरीकडनं हवा ओढत नाही. मला सगळ्यात जास्त छळलंय ते यानंच, कारण हवा शिरत असेल तर तुम्ही कितीही जेट बदला, आज बसलेलं ट्युनिंग उद्या हललेलं असतं. खूण सोपी आहे. गाडी गरम झाल्यावर रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली आला पाहिजे. वरच लटकून राहून मग सावकाश उतरत असेल तर कुठंतरी फट आहे. मिस्त्री लोक इथं आयडलचा स्क्रू फिरवून देतात आणि "झालं बघा" म्हणतात. काय झालं नाही.

संशयित तीन. पहिला, कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधला रबरी मॅनिफोल्ड, वाकवून बघितल्याशिवाय त्याच्या चिरा दिसत नाहीत. दुसरा, ब्लॉकच्या बुडाचं पॅकिंग, विशेषतः कुणीतरी जुनंच पॅकिंग सिलिकॉन लावून परत बसवलेलं असतं तेव्हा. तिसरा आणि खरा चोर म्हणजे क्रँकची ऑइल सीलं, क्रँकच्या दोन्ही टोकांना बसणारी रबरी कडी. आरएक्स १०० बनायची बंद झाली १९९६ ला, म्हणजे न उघडलेलं इंजिन मिळालं म्हणून नाचत असाल तर त्यातली सीलं तीस वर्षांची झालीत आणि रबर कडक पडलंय. मॅग्नेट साईडचं सील गेलं की कोरडी हवा आत येते आणि गाडी लीन होते. क्लच साईडचं गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं, मग पांढरा धूर, प्लग काळा आणि गिअर ऑइल बाहेर न गळता कमी होतं. गिअर ऑइल "उडून जातंय" असं कुणी सांगितलं तर हसा आणि सील मागवा.

हे डोळ्यानं कळत नाही, प्रेशर टेस्ट करावी लागते, आणि ती घरात होते. बीपी मोजायचं डायलवालं यंत्र घ्या, पंप आणि डायल तेवढं काढा. त्याचं डायल ३०० पर्यंत असतं आणि ३०० म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय, आपल्याला हवं तेवढंच. टायरचा पंप लावू नका, जास्त दाबानं चांगली सीलंसुद्धा बाहेर येतात. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा, प्लग घट्ट ठेवा, पिस्टन खाली आणून ठेवा आणि हवा कार्बोरेटरच्या जागेवरनं, मॅनिफोल्डमधनं आत द्या. इकडनंच द्यायची. आरएक्सला रीड वाल्व आहे, म्हणजे एकाच दिशेनं आत सोडणारी झडप, प्लगच्या भोकातनं हवा भरली तर रीड बंद होतो आणि मॅनिफोल्ड तपासलाच जात नाही, आणि मग "टेस्ट केली, काय निघालं नाही" म्हणत लोक परत जेट बदलत बसतात.

२५०-३०० ला नेऊन काटा बघत बसा. पाच मिनिटं जवळजवळ हलला नाही तर इंजिन टाईट आहे. मिनिटाला ५० च्या पुढं पडत असेल तर साबणाचं पाणी लावा, हेडला, ब्लॉकच्या बुडाला, केसच्या जोडाला, मॅनिफोल्डला, आणि मॅग्नेट पुलरनं काढून सीलच्या ओठाला. फुगे येतील तिथं चोर. बाहेर कुठंच फुगे नाहीत पण काटा पडतोय, तर गिअर ऑइलच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरा, तो फुगला की क्लच साईडचं सील. आधी मात्र तुम्ही स्वतः तोंडाला लावलेलं बूच गळत नाही ना ते बघा, निम्म्या वेळा तेच असतं.

सीलं बदलताना दोन्ही बदला. एक बदलून दुसरं वाचवण्यात शहाणपणा नाही, पैसे सीलला नाही तर मजुरीला लागतात. आणि जाम झालेला बोअर पॉलिश पेपर मारून परत घालायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका, उद्यमनगरात नेऊन मापं घ्या, गरज असेल तर बोअर करून पुढच्या साईझचा पिस्टन टाका.

हे सगळं झालं की मग जेट, आणि क्रम वरनं खाली. आधी मेन जेट, मग निडल (रेसबरोबर वरखाली होणारी सुई), शेवटी स्लो जेट आणि एअर स्क्रू. लोक नेमकं उलटं करतात, गाडी जागेवर छान थांबली की ट्युनिंग झालं म्हणतात. पाऊण रेसच्या पुढं मेन जेटचं राज्य, पाव ते पाऊण निडलचं, अगदी खालचं एअर स्क्रू आणि स्लो जेटचं.

मेन जेट मुद्दाम मोठा लावून सुरुवात करा. फुल रेसला गाडी बर्रर्र करत अडखळली पाहिजे. मग एकेक नंबर खाली या, अडखळणं जेमतेम थांबलं की तिथं थांबा, आणखी एक नंबर उतरायचा मोह टाळा. आता नवा प्लग लावा, गाडी चांगली गरम करा, ऊस तुटून गेलेल्या रानात लांब सरळ पट्टा बघून वरच्या गिअरमध्ये फुल रेस धरा आणि त्याच रेसवर किल स्विच आणि क्लच एकदम. रेस सोडून आयडलवर आणून बंद केली तर प्लग आयडलची गोष्ट सांगतो, फुल रेसची नाही. प्लग काढून टोकाचा रंग बघू नका, आजच्या पेट्रोलवर टोक पटकन रंगत नाही आणि फसवतं. भिंग घेऊन आत, पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी मुळाशी बघा. तिथं दुधाच्या चहासारखी कड दिसली पाहिजे. मूळ पांढरंफटक असेल तर जेट मोठा लावा, काळं ओलं असेल तर लहान लावा. पांढऱ्यावर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर गाडी तिथंच ठेवा, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

निडलचं लक्षात ठेवायचं एवढंच की क्लिप खालच्या खाचेत घातली की निडल वर येते आणि गाडी रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त. एअर स्क्रू आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन, एक ते दीड आट्यात गाडी छान थांबली पाहिजे. अडीच आटे काढूनच बरी वाटत असेल तर स्लो जेट मोठा आहे, अर्ध्या आट्यातच बरी वाटत असेल तर लहान. आणि गाडी कोकणात न्यायची असेल तर गगनबावडा उतरायच्या आधी मेन जेट एक नंबर मोठा करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, खाली हवा दाट, आपलं इथलं बरोबर ट्युनिंग तिथं लीन पडतं. थंडीत पहाटेचं तसंच.

चालवण्याबद्दल थोडक्यात. पाय फुटरेस्टवरच, वळताना जमिनीला टेकवायची बाईकची सवय इथं घात करते, मागचं चाक टाच धरून पाय खाली ओढतं. मागचा ॲक्सल सरळ एकच, दोन्ही चाकं बरोबर फिरतात, त्यामुळं नुसतं हँडल वळवून गाडी वळत नाही, अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं. मागं कुणाला बसवायचं नाही, भाचा कितीही रडला तरी. हेल्मेट आहेच. एटीव्हीचे टायर असतील तर ३ ते ५ पीएसआय बास, पंक्चरवाल्याकडं "भर रे हवा" म्हणालात की ती बॉलगत उड्या मारणार, कमी दाबाचा गेज स्वतःचा ठेवा. (पोरांच्या ४९ सीसीला स्पीड कमी ठेवायचा स्क्रू असतो, तो काढू नका.)

उतारावर मात्र नीट ऐका. पन्हाळ्याच्या बाजूला शेत असलेल्यांनी तर नक्कीच. लांब उतारावर गिअर टाकून रेस पूर्ण सोडून इंजिन ब्रेकवर उतरायची फोर-स्ट्रोकची सवय इथं चालत नाही, कारण रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि तेल पेट्रोलमधनंच येतं, इंजिन मात्र जोरात फिरतंय. मधूनमधून क्लच दाबून दोन झटके रेस द्या. आणि एक बोट कायम क्लचवर. ताकद अचानक पडल्यासारखी वाटली की आधी क्लच, मग विचार, नाहीतर मागची दोन्ही चाकं एकदम लॉक होतात. तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतू नका, किका मारू नका, अर्धा तास बसा.

एअर फिल्टरचा फोम नदीकाठच्या काळ्या मातीत फिरलात तर दर फेरीनंतर साबणानं धुऊन, सुकवून, तेल लावून. पेट्रोलमध्ये धुवायचा नाही, डिंक सुटतो. चेन त्याच वेळी. सायलेन्सरची बॅफल पाईप अधूनमधून काढून कार्बन खरवडा, एक्झॉस्ट पोर्ट लाकडाच्या काडीनं, पिस्टन खाली ठेवून.

गाडीला पासिंग नाही, त्यामुळं रस्त्यावर आणायची नाही, आणि मसाई पठाराचं डोक्यात असेल तर काढून टाका, ते संवर्धन राखीव आहे. छोटा हत्तीत घालूनच न्या आणि नेताना पेट्रोलचा कॉक बंद करा. हिसक्यानं फ्लोटची पिन उघडी राहिली तर सगळं पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं आणि पोचल्यावर किक खाली जात नाही. तसं झालंच तर जोर लावू नका, कॉक बंद, प्लग काढा, प्लगच्या कॅपला चिंधी गुंडाळून लांब ठेवा आणि हळूहळू किक मारत ते बाहेर काढा. पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट बाऊल दोन्ही रिकामे करून ठेवा, ई२० ओल धरतं, पाणी तळाला बसतं आणि पहिल्या किकेला जेटमध्ये तेच जातं.