गाडीतली स्क्रीन बनवताय? नजर पळवणाऱ्या या चुका टाळा

टेबलावर ठेवलेल्या स्क्रीनवर सगळं सोपं असतं. खुर्चीत रेलायचं, दोन्ही डोळे स्क्रीनवर ठेवायचे, पंख्याचा वेग वाढवायचा, झालं. तीच स्क्रीन गाडीत बसवा आणि खडबडीत रस्त्याला लागा. हात लांबवलेला, कोपराला आधार नाही, बोट पंख्याऐवजी शेजारच्या चिन्हावर पडतं. मग काय झालं ते बघायला नजर खाली, ते रद्द करायला पुन्हा खाली, आणि पंखा होता तिथेच.

ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिलं की ५५ मीटर रस्ता न बघताच कापला. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा हाच आहे: एका वेळी नजर साधारण दोन सेकंदांहून जास्त हटू नये आणि अख्खं काम मिळून १२ सेकंदांत आटपावं. गंमत म्हणजे ‘१२ सेकंदांत बसवलं’ म्हणून बरेच जण खूश होतात. अहो, पंख्यासाठी १२ सेकंद? ते काम रस्त्यावरून नजर न काढता व्हायला हवं.

चूक: सगळंच स्क्रीनवर ढकलणं

बटणं, वायरी आणि साचे वाचतात, डॅशबोर्ड मोकळा दिसतो, त्यामुळे हा मोह मोठा. ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये ११ नव्या गाड्या आणि २००५ची एक जुनी व्होल्वो व्ही-७० ताशी ११० किलोमीटरने चालवून पाहिल्या. सीट गरम करणं, तापमान वाढवणं, रेडिओ लावणं अशी साधी कामं. गाडीची ओळख करून घ्यायला चालकांना आधी वेळही दिला होता. बटणांच्या व्होल्वोत सगळं १० सेकंदांत आणि ३०६ मीटरमध्ये उरकलं. सर्वांत मागे पडलेल्या गाडीला ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात ती १३७२ मीटर पुढे गेली होती.

कारण साधं आहे. बटणाला कडा असते, दाबण्याआधी बोटाला ती कळते. काचेवर काहीच लागत नाही. स्पर्शानंतर स्क्रीन थरथरवली की प्रश्न सुटला, असं काहींना वाटतं. पण ती थरथर ‘दाबलं गेलं’ एवढंच सांगते. ‘कुठे दाबायचं’ हे शोधायला डोळेच लागतात.

म्हणून कशाला बटण द्यायचं याची यादी करताना ‘किती वेळा लागतं’ याच्या आधी ‘किती घाईत लागतं’ हे विचारा. पावसात समोरची काच आतून धुरकटते तो क्षण घ्या. चालक हवामानाचा मेनू उघडतो. तिथे समोरच्या आणि मागच्या काचेची दोन चिन्हं शेजारी शेजारी. दोन्हींत नागमोडी बाण, एकीची चौकट वक्र आणि दुसरीची आयताकृती. हातभर अंतरावरून, धूसर उजेडात, ही जुळी भावंडं ओळखायची कशी? आणि हे नेमकं बाहेरचं काही दिसत नसताना! वायपरचंही तेच. मुसळधार पावसात टचस्क्रीनवर वायपरचा वेग बदलताना एका चालकाची गाडी रस्ता सोडून गेली. २०२० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने या स्क्रीनला मोबाइलसारख्या उपकरणांचाच नियम लावला आणि त्या चालकाचा दंड व महिनाभर गाडी चालवण्यावरची बंदी कायम ठेवली. दंड चालकाला झाला, मेनू आखणाऱ्याला नाही.

नव्या गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं किंवा दांडे मागायला सुरुवात केली आहे. मी त्यात काचेवरची वाफ घालवणं आणि आवाज कमी करणं हे दोन्ही जोडेन.

बटणं दिली, तरी तक्रारी येतात?

मग ती एकसारखी असणार. आठ सपाट बटणांची रांग हाताला स्क्रीनपेक्षा फार वेगळी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) चाकंच आत घेत, कारण दोन्हींचे स्विच सारखे आणि शेजारी होते. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चॅपानिस यांनी चाकांच्या दांड्याला चाकाचा आणि फ्लॅपच्या दांड्याला पाचरीचा आकार सुचवला. गाडीतही एक नॉब गोल, एक दांडा, मधे एक उंचवटा एवढं पुरतं. डोळे मिटून चाचपडून बघा. तिसऱ्यांदाही चुकलात तर मांडणी बदला.

‘आवाजाने सांगता येतं की!’

येतं, पण फुकट नाही. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाच्या २०१५मधल्या अभ्यासात काही गाड्यांमध्ये आज्ञा देऊन झाल्यावरही २७ सेकंदांपर्यंत लक्ष पूर्ण ताळ्यावर आलेलं नव्हतं. गाडीने नाव चुकीचं ऐकलं की माणूस चिडतो, तेच मोठ्याने म्हणतो, मग ‘ऐकलं का’ म्हणून स्क्रीनकडे बघतो. आवाजी आज्ञा पत्ता शोधायला द्या. वायपरसाठी तो एकमेव मार्ग ठेवू नका.

उलट टोकाची चूक म्हणजे गाडी चालू लागली की सगळं कुलूपबंद करणं. चालक काय करतो? खिशातून मोबाइल काढतो. लांब याद्या आणि टायपिंग जरूर बंद करा, पण आवाजाने पत्ता सांगायची आणि आधी साठवलेली ठिकाणं निवडायची सोय चालू राहू द्या.

अपडेटमध्ये चिन्हांची जागा बदलू नका. हाताला बसलेली सवय एका रात्रीत मोडते आणि चालकाला ते रस्त्यावरच कळतं.

नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं कसं

आयएसओ १६६७३ या आंतरराष्ट्रीय मानकात नजर झाकण्याची चाचणी आहे: स्क्रीन दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद दिसत नाही, आणि तसंच काम पूर्ण करायचं. नजर अशी झाकणारा खास चष्मा नसला तर पहिल्या फेरीला स्क्रीनच तेवढा वेळ काळी करा. जो मेनू दीड सेकंदाच्या तुकड्यांत वापरता येत नाही, तो रस्त्यावरही येत नाही.

माणसं कुठे थबकतात ते टिपा. स्क्रीन पुन्हा दिसू लागल्यावर नजर यादीच्या सुरुवातीपासून पुन्हा फिरत असेल तर यादी लांब आहे. बोट हवेत थांबत असेल तर दोन चिन्हं सारखी आहेत. सगळ्यात छुपा दोष मात्र आपोआप बंद होणाऱ्या मेनूचा. पाच सेकंद स्पर्श झाला नाही की तो मिटतो. टेबलावर हे नीटनेटकं वाटतं. रस्त्यावर समोरचा ट्रक ब्रेक मारतो, चालक शहाण्यासारखा वर बघतो, सहा सेकंदांनी परत येतो तर मेनू गायब. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो ट्रककडे न बघता मेनू संपवायला बघतो. तो टायमर काढून टाका.